एवढ्याशा बाळाच्या अंगाला काय लक्षात राहणार?

एका आजींचं पत्र:

डॉक्टरीणबाईंना नमस्कार.

आम्ही बेळगावच्या पश्चिमेला, उचगावकडच्या भागात राहतो. घरची भातशेती आहे, थोडी रताळी करतो. सून चंदगड तालुक्यातली. बाळंतपणाला माहेरी गेली होती, नातू आता साडेतीन महिन्यांचा आहे. जन्मल्यावरच्या आणि दीड महिन्याच्या सुया तिकडेच झाल्या. अडीच महिन्याची चुकली, कारण तेव्हा बाळाला सर्दी होती आणि त्याच आठवड्यात त्याला इकडे आणायचं होतं. आता इथली आशा म्हणते, लगेच चला. तिकडचं कार्ड मराठीत, इकडचं तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाचं कार्ड, कन्नडात. सुनेला वाटतंय, आता सगळं पहिल्यापासून करायला लागणार. त्यातच शहरातल्या एका डॉक्टरांनी मेंदूज्वराची वेगळी, पैशाची लस सांगितली आहे आणि तिने ते मनावर घेतलं आहे.

माझी शाळा सातवीपर्यंतच झाली, पण मला विचार करायची सवय आहे. या पोराला काल कुणी कडेवर घेतलं ते आज आठवत नाही. मग दीड महिन्याचा असताना टोचलेली सुई त्याच्या अंगाला कशी लक्षात राहणार? माझ्या लहानपणी देवी काढल्या, दंडावर वण आहे, त्यावर माझं आयुष्य गेलं. ह्याला तेच तेच तीन तीनदा कशाला? टोचून आलं की पोर रात्रभर कण्हतं, मला बघवत नाही. यावरून घरात बोलाचाली झाली. मी आडवी येते असं सुनेला वाटतं. मला आडवं यायचं नाही, मला समजून घ्यायचं आहे.

– एक आजी, बेळगाव तालुका

उत्तर:

आक्का, नमस्कार.

लस टोचायला आलेल्या आयाबाया मला विचारतात, ताप येईल का, गाठ धरेल का, आज आंघोळ घालायची का. अंगाला सुई लक्षात कशी राहते, हे इतक्या वर्षांत मला कुणी विचारलं नव्हतं. तुम्ही मुळालाच हात घातलात, म्हणून मीही मुळापासून सांगते. पत्र लांबलं तर सुनेला शेजारी बसवून वाचून घ्या.

आधी घाईचं काम. गावात लसीकरणाचा जो पुढचा दिवस असेल त्या दिवशी बाळाला घेऊन जा. पहिल्यापासून काहीही करावं लागत नाही. शिनोळीजवळची राज्याची वेस ओलांडली म्हणून लस बदलत नाही, सगळ्या देशाचं वेळापत्रक एकच आहे. चंदगडला दिलेला डोस इथल्या नर्सबाई मोजतील. चुकलेला दुसरा डोस आता द्यायचा आणि त्यानंतर निदान चार आठवडे सोडून तिसरा. सोबत आणखी कोणती लस द्यायची ते कार्डावरच्या तारखा बघून त्याच ठरवतील. दोन्ही कार्डं एकत्र टाचून एका पिशवीत ठेवा. हल्ली लशींची नोंद यू-विन या सरकारच्या संगणकावरच्या नोंदवहीतही होते, तेव्हा तिकडे जो मोबाईल नंबर दिला होता तोच इथे सांगा. आणि साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलायची नसते. नाक वाहत असलं तरी बाळ अंगावर पीत असेल, खेळत असेल, तर खुशाल न्यावं. या एका गैरसमजापायी आपल्याकडे किती मुलांच्या तारखा हुकतात, ते मी रोज बघते.

आता मेंदूज्वर. आपण हा शब्द बऱ्याच दुखण्यांना वापरतो. इथे मी म्हणते आहे ते मेंदूभोवतीच्या आवरणात जंतू शिरून होणारं दुखणं, ज्याला डॉक्टर मेनिन्जायटिस म्हणतात. लहान बाळांत ते करणारे जंतू मुख्यतः तीन: हिब, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस. शिवाय क्षयाचा जंतूही मेंदूपर्यंत जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जंतूंमुळे मेनिन्जायटिस झालेल्या साधारण सहातला एक दगावतो, आणि पाचातल्या एकाला कायमचं काहीतरी मागे राहतं. बहिरेपण, फिट्स, हातापायातली ताकद जाणं.

हिबची लस सरकारी कार्डावर नव्हती त्या काळातलं, खानापूरच्या पलीकडच्या एका वाडीतलं आठ महिन्यांचं बाळ मला अजून दिसतं. तीन दिवसांचा ताप अंगावर काढून आणलं होतं. पाठीतलं पाणी काढलं, ते स्वच्छ पाण्यासारखं असायला हवं, तर पेजेसारखं गढूळ आलं. बाळ वाचलं. वर्षभराने त्याची आई सांगायला आली की कुकरची शिट्टी झाली तरी हा वळून बघत नाही. त्या वाक्यानंतर मी तिला काय बोलले ते मला आठवत नाही, बोलण्यासारखं काही नव्हतंच.

आक्का, मेंदूज्वराची लस म्हणजे फक्त त्या डॉक्टरांनी सांगितलेली पैशाची लस, असं तुमच्या घरात धरून चाललेलं दिसतं. तसं नाही. जन्मल्यावर डाव्या दंडात टोचलेली बीसीजी लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरापासून वाचवते. डाव्या मांडीत देतात ती पेंटा म्हणजे पाच लशी एकत्र, आणि त्यातली पाचवी हिबची. २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत ती सुरू झाली आणि मग टप्प्याटप्प्याने देशभर आली. उजव्या मांडीतली पीसीव्ही न्यूमोकोकसवरची, ती २०२१ पासून सगळ्या देशात फुकट मिळते. म्हणजे तुम्ही ज्या सुयांना ‘तेच तेच’ म्हणता, त्यांत मेंदूज्वराच्या तीन वाटा अडवायची सोय आहे. तुमच्या नातवाची जी चुकली तीही त्यातलीच एक.

आता तुमचा प्रश्न. पायात काटा मोडून पिकला की जांघेत अवधाण येतं, हे मी तुम्हाला सांगायला नको. ती गाठ कशाची असते? शरीरात ठिकठिकाणी अशा बारीक ग्रंथी असतात. अंगात शिरलेलं परकं काही असेल तर ते तिथे आणलं जातं, आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्याची पारख करतात. बाळाच्या मांडीत लस टोचली की तिचा अंश जांघेतल्या त्याच ग्रंथींत पोचतो. लक्षात ठेवण्याचं काम तिथे होतं, डोक्यात नाही. कडेवर कुणी घेतलं ते आठवायला मेंदू तयार व्हावा लागतो, त्याला अजून वेळ आहे. अवधाणाच्या जागेचं तसं नाही, ती जन्मल्यापासून कामाला लागलेली असते.

पण हिब, न्यूमोकोकस आणि मेनिंगोकोकस या तीन जंतूंनी एक फार चलाख बंदोबस्त केला आहे. ते आपल्या अंगाभोवती साखरेच्या लांबलचक साखळ्यांचं आवरण घेऊन येतात. चहात घालतो ती साखर नव्हे, पण त्याच जातीचं द्रव्य. मोठ्या माणसाचं शरीर त्या साखरेला ओळखतं. साधारण दोन वर्षांच्या आतल्या बाळाचं शरीर मात्र तिच्याकडे लक्षच देत नाही, आणि नेमक्या त्याच वयात हे दुखणं सगळ्यात जास्त होतं. फिनलंडमध्ये १९७४ साली हिबच्या नुसत्या साखरेची लस हजारो मुलांना देऊन बघितली. मोठ्या मुलांना तिचा उपयोग झाला, दीड वर्षाच्या आतल्यांना काहीच झाला नाही. आक्का, तुमची शंका त्या लशीबद्दल असती तर मी म्हटलं असतं, अगदी खरं आहे तुमचं, बाळाच्या अंगाला काही लक्षात राहिलं नाही.

यावर जी युक्ती निघाली ती मला आजही थोर वाटते. अनोळखी माणूस एकटा दारात आला तर घरातलं कुणी ढुंकून बघत नाही. तोच ओळखीच्या पाव्हण्याचा हात धरून आला तर त्याला बसायला घोंगडं टाकतात, नाव-गाव विचारतात, आणि पुढच्या वेळी तो एकटा आला तरी ओळखतात. तसं त्या साखरेचा धागा एका प्रथिनाला बांधायचा. बहुतेक वेळा हे प्रथिन धनुर्वाताच्या किंवा घटसर्पाच्या विषाचं, निरुपद्रवी करून घेतलेलं असतं. प्रथिनाची दखल बाळाचं शरीर घेतं. ती घेताना टी पेशी नावाच्या मदतनीस पेशी पुढे येतात आणि साखर ओळखणाऱ्या बी पेशींना कामाला लावतात. साखरेला प्रथिन बांधायची ही कल्पना ॲव्हरी आणि गोबेल या शास्त्रज्ञांनी १९३१ च्या सुमारास सशांवर करून दाखवली होती. बाळांच्या लशीपर्यंत यायला तिला जवळजवळ साठ वर्षं लागली. अमेरिकेत ही बांधलेली हिबची लस १९९० पासून दोन महिन्यांच्या बाळांना देऊ लागले. त्याआधी तिथे पाच वर्षांखालच्या सुमारे वीस हजार मुलांना दर वर्षी हिबचं गंभीर दुखणं व्हायचं, ते जवळजवळ नाहीसंच झालं.

ग्रंथीत पुढे काय होतं ते तुमच्या शेतातलंच आहे. बियाण्यासाठी भात राखताना तुम्ही सरसकट पोतं भरून ठेवत नाही. उभ्या पिकात हिंडून भरलेल्या, टपोऱ्या लोंब्या वेगळ्या काढता, पोचट सोडता. पुढच्या साली त्यातूनही पुन्हा निवडता. ग्रंथीतल्या बी पेशी अशाच वाढतात. वाढताना प्रत्येकीत थोडा थोडा फरक होतो. ज्या त्या साखरेला घट्ट पकडतात त्या राखल्या जातात, ज्यांची पकड सैल त्या मरून जातात. या निवडीला दिवस नाही, आठवडे लागतात. म्हणून दोन डोसांत निदान चार आठवड्यांचं अंतर ठेवतात, आणि म्हणूनच एकाच लशीचे दोन-तीन डोस लागतात. दरवेळी निवड पुढे सरकते, पकड आणखी घट्ट होते. तुम्हाला ‘तेच तेच’ दिसतं, अंगाच्या लेखी ती दुसरी निवड, तिसरी निवड असते. चुकलेल्या डोसानंतर पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही त्याचं कारणही हेच. पहिल्या निवडीचं बियाणं राखलेलं असतं, ते वाया गेलेलं नसतं. मात्र पुढचा डोस होईपर्यंत बाळाचा बंदोबस्त अर्धामुर्धाच असतो, म्हणून उशीर नको.

या निवडीतून दोन प्रकारच्या पेशी हाती येतात. काही पेशी प्रतिपिंडं तयार करत राहतात. प्रतिपिंडं म्हणजे जंतूला चिकटून त्याला निकामी करणारी द्रव्यं, ती रक्तात तयार स्थितीत फिरत असतात. हा झाला चुलीवर शिजलेला भात, कुणी आलं तर ताटात वाढायला हजर. दुसऱ्या पेशी काही करत नाहीत, नुसत्या राहतात, वर्षानुवर्षं. त्यांना स्मृतीपेशी म्हणतात. त्या म्हणजे कणगीतलं बियाणं. तोच जंतू पुन्हा आला की त्या जाग्या होतात, भराभर वाढतात आणि पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त आणि चांगली प्रतिपिंडं करतात. तुमच्या नातवाच्या अंगाला सुई लक्षात राहते ती अशी.

आता देवीचं. तुमच्या दंडावर वण आहे तसा माझ्याही आहे. आपल्या टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर लोक सकाळी फिरायला जातात, त्या जागेला ते नाव उगाच पडलेलं नाही. ब्रिटिश काळात तिथे वासरांच्या अंगावर देवीची लस तयार व्हायची आणि दूरवर जायची. शास्त्रज्ञांनी देवी काढलेल्या माणसांचं रक्त पन्नास वर्षांनंतर तपासलं, तेव्हाही त्यात देवीच्या स्मृतीपेशी सापडल्या. म्हणजे तुमच्या अंगात ते बियाणं आजही असण्याची पुष्कळ शक्यता आहे. इतकी वर्षं उलटूनही देवीविरुद्ध अंग अगदी कोरं पडत नाही, तुमचं म्हणणं त्या अर्थाने खरं आहे.

मग नातवाला अशी एकदाची लस का नाही? एक तर तुमची लस जिवंत विषाणूची होती. तो टोचल्या जागी काही दिवस वाढायचा, म्हणून तर वण राहिला. नातवाची लस म्हणजे जंतूच्या आवरणाचा तुकडा, तो वाढत नाही. पण त्याहून मोठं कारण वेळेचं आहे, आणि हेच मला तुम्हाला मनापासून सांगायचं आहे. देवीचा विषाणू अंगात शिरल्यापासून दुखणं उघडं पडायला साधारण बारा दिवस लागायचे. बारा दिवसांत कणगीतलं बियाणं उगवून पीक हाती येतं. मेनिंगोकोकसचं दुखणं मात्र बहुतेक वेळा तीन-चार दिवसांतच उभं राहतं, आणि एकदा जंतू रक्तात शिरला की चोवीस तासांत जीव जाऊ शकतो. स्मृतीपेशींना जागं होऊन पुरेशी प्रतिपिंडं करायला चार-पाच दिवस तरी लागतात. कणगी भरलेली आहे, पण पाव्हणा आत्ता दारात उभा आहे आणि चूल थंड आहे, अशी गत होते. या जंतूंपुढे नुसती आठवण पुरत नाही, शिजलेला भातही हवा.

हे इंग्लंडने अनुभवातून शिकलं. तिथे १९९९ मध्ये मेनिंगोकोकसच्या सी जातीवरची बांधलेली लस बाळांना दोन, तीन आणि चार महिन्यांना द्यायला सुरुवात झाली. पहिलं वर्ष उत्तम गेलं. वर्ष उलटल्यावर बघितलं तर त्या बाळांचं संरक्षण जवळजवळ उरलंच नव्हतं. आठवण होती, रक्तातली प्रतिपिंडं मात्र ओसरली होती. कारण प्रतिपिंडं करणाऱ्या पेशी दीर्घकाळ राहतात हाडांच्या मज्जेत, आणि तान्ह्या बाळाच्या मज्जेत त्या फारशा टिकत नाहीत. मग २००६ पासून तिथे वर्षाच्या सुमारास आणखी एक डोस द्यायला लागले. तोपर्यंत मज्जा तयार झालेली असते, शिवाय आधीच्या डोसांचं निवडलेलं बियाणं असतं, त्यामुळे तो डोस फार बळकट लागू पडतो. आपल्या कार्डावर पीसीव्हीचा तिसरा डोस नऊ महिन्यांवर आहे, तो या हिशेबाने. आक्का, सगळ्यात जास्त लोक तोच विसरतात. तीन महिने सुया झाल्या, आता पोर गुटगुटीत आहे, असं म्हणून कार्ड ट्रंकेत जातं. हिबचा असा वाढीव डोस सरकारी कार्डावर नाही, पण बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना दीड वर्षाच्या सुमारास तो द्यावा म्हणते. ऐपत असेल तर त्या वेळी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

इंग्लंडात संरक्षण ओसरलेली बाळं तेव्हा आजारी का पडली नाहीत, हेही बघण्यासारखं आहे. त्याच सुमारास तिथल्या तरण्या पोरापोरींनाही ही लस टोचली होती. हे जंतू निरोगी माणसांच्या घशात-नाकात गुपचूप राहतात आणि खोकल्या-शिंकण्यातून, मुक्यातून बाळापर्यंत पोचतात. बांधलेल्या लशीमुळे घशात जंतू राहण्याचंच प्रमाण कमी होतं, म्हणून ज्यांना टोचलं नाही तेही वाचतात. आफ्रिकेत जिथे मेंदूज्वराच्या मोठाल्या साथी यायच्या, त्या पट्ट्यात २०१० पासून मेनिंगोकोकसच्या ए जातीवरची लस एक ते एकोणतीस वर्षांच्या सगळ्यांना दिली, आणि त्या जातीचा मेंदूज्वर तिथून जवळपास हद्दपार झाला. ती लस आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली होती. पुण्याहून निघालेल्या पेट्या बुर्किना फासोच्या धुळीत पोचल्या आणि तिथल्या आज्यांची नातवंडं वाचली, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणखी एक सांगते, विषय थोडा बाजूचा आहे पण आठवणीचाच आहे. गोवर आला की तो नुसता पुरळ आणि ताप देऊन जात नाही. तो या स्मृतीपेशींनाच मारतो. आधी कमावलेली ओळख पुसून टाकतो, कणगीच उलथी करतो म्हणा ना. त्यामुळे गोवर बरा झाल्यावर कित्येक महिने मुलं दुसऱ्याच दुखण्यांना बळी पडतात. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाची सुई असते, दीड वर्षाच्या सुमारास दुसरी. आपल्याकडे अजून काही घरांत गोवर म्हणजे देवीमातेचं येणं समजून कडुनिंबाचे टाळे बांधून गप्प बसतात. बांधा, पण आधी सुई द्या.

आता त्या पैशाच्या लशीबद्दल. ती मेनिंगोकोकसवरची. सरकारी वेळापत्रकात ती नाही. आपल्याकडे या जंतूची साथ अधूनमधून येते, २००५ मध्ये दिल्लीत आली होती, पण हिब आणि न्यूमोकोकसइतका तो रोजचा शत्रू नाही. हजला जाणाऱ्यांना ती घ्यावीच लागते. ज्या मुलाची प्लीहा काढलेली आहे, किंवा प्रतिकारशक्तीचा जन्मजात दोष आहे, त्याला मी ती आग्रहाने सांगेन. तुमचा नातू तसा नसेल तर माझं मत असं: आधी कार्डावरची प्रत्येक सुई वेळेवर होऊ द्या. ही लस आपल्याकडे साधारणपणे नऊ महिन्यांनंतरच सुरू करतात, तेव्हा आज निर्णय घ्यायची गरजच नाही. हाताशी पैसे असतील आणि सुनेच्या मनाला त्याने स्वस्थता मिळणार असेल तर जरूर द्या, लस चांगली आहे. पण त्यासाठी कर्ज काढू नका, आणि ती दिली म्हणून कार्डावरची एकही सोडू नका. सुनेने काही चुकीचं मनावर घेतलेलं नाही, आणि तुम्हीही काही चुकीचं विचारलेलं नाही.

कण्हण्याचं मला समजतं. एक-दोन दिवस ताप, मांडीला गाठ, चिडचिड, हे बहुतेक करून पेंटाचं असतं. अंग कामाला लागलं आहे त्याचा तो ताप. गाठ चोळू नका, शेकू नका, वाटलं तर गार पाण्याची घडी ठेवा. सुई टोचायच्या आधीच तापाचं औषध पाजून नेऊ नका. चेक प्रजासत्ताकात झालेल्या आणि २००९ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात असं आधीच औषध मिळालेल्या बाळांत प्रतिपिंडं कमी तयार झाली होती. नंतर ताप चढला तर नर्सबाईंनी सांगितलेल्या मापात द्या, त्यात भ्यायचं कारण नाही. बाळ तीन तासांहून जास्त एकसारखं रडत राहिलं, झटका आला किंवा निपचित पडलं तर मात्र तडक दवाखाना.

आणि एक काम फक्त तुमच्या हातचं. तुम्ही रोज त्याच्या टाळूवर तेल घालत असणार. निरोगी बाळाची टाळू मऊ, सपाट असते, बोटाखाली हलकी उडते, हे तुमच्या बोटांना कुठल्याही डॉक्टरपेक्षा जास्त ठाऊक आहे. बाळ शांत असताना, उभं धरलेलं असताना टाळू फुगून वर आलेली, ताणलेली लागली, त्यासोबत ताप असला, बाळ अंगावर पिईना, किंचाळल्यासारखं वेगळंच रडायला लागलं, उचललं की जास्त रडलं किंवा हाक मारून डोळे उघडेना, तर सकाळची वाट बघायची नाही. इतक्या लहान बाळाची मान आखडलेली दिसेलच असं नसतं, मान ठीक आहे म्हणून थांबू नका. रात्र असो, पाऊस असो, गाडी काढून थेट बेळगावच्या मोठ्या दवाखान्यात. लशी झालेल्या असल्या तरीसुद्धा, कारण मेंदूज्वराचे सगळेच जंतू लशीत नसतात.

लसीकरणाच्या दिवशी तुम्ही आणि सून दोघी मिळून जा. टोचताना तिला बाळाला अंगावर घेऊन पाजू द्या. पीत असलेलं बाळ कमी रडतं. कार्डांची पिशवी तुमच्या हातात असू दे. घरी आल्यावर भिंतीवरच्या कालनिर्णयात चार आठवड्यांनंतरची तारीख लिहा, आणि तो नऊ महिन्यांचा होईल ती तारीखही आजच काढून ठेवा. पुढच्या वर्षीचं कॅलेंडर अजून आलं नसेल तर तायी कार्डाच्या पाठीमागे मराठीतच लिहा.